रुपचंदने पुसलेला डाग

माझा थोरला भाऊ रुपचंद चोपड्याला फोटो स्टुडिओत होता. बारीक कुंचल्याने निगेटिव्हवरचे डाग पुसायचे, चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवायचे, हे त्याचं काम. स्थळाला पाठवायचा फोटो म्हटला की लोकांना तोच हवा. आमच्या धाकट्या भावाच्या, झुलालच्या, हनुवटीवरचा वणही त्याने असाच स्थळाच्या फोटोतून काढला, तेव्हा माय जाम चिडली होती.

चौऱ्याऐंशी साली त्याला मुंबईला समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या कचेरीत नोकरी लागली. बोट पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो आणि कागदावर तळाचं चित्र उमटतं. नुसती राख पसरल्यासारखं. रुपचंद अंधारखोलीत त्याची प्रत अशी काढायचा की खडक न् खडक उठून दिसायचा. साहेब खूश. दोन वर्षांनी त्यानेच शब्द टाकून झुलालला पाहणीच्या बोटीवर लावून दिलं. भीमजयंतीला आम्ही गल्लीभर पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात वादळात ती बोट बुडाली. जिवंत कुणी नसणार हे कळत होतं. माय एवढंच म्हणत होती, पोराला माझ्या हाताने माती देऊ द्या.

दुसऱ्या बोटीने तळाची चित्रं आणली आणि साफ प्रत काढायला माझ्याच भावाच्या हातात दिली. पाणबुडे खोळंबले होते, आणि ह्याच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता. एका निगेटिव्हवर ठिपका होता, शेजारी बारीक रेघ. कचरा बसलाय असं त्याला वाटलं, अन् सवयीचा मेला हात, फिरला कुंचला.

पाणबुडे नऊ दिवस भलतीकडेच शोधत राहिले. मग कुणीतरी मूळ कागद काढून पाहिला. ठिपका म्हणजे बोट होती, रेघ तिची सावली. तोवर लाटांनी बोट उलटीपालटी केली होती. आत झुलाल नव्हता.

रुपचंद घरी आला, मायच्या पायाशी बसला. म्हणाला, "माय, मन्हा भाऊ मीच पुशी टाका."

मी त्याला नको नको ते बोलले. आज वाटतं, जीभ झडली असती तर बरं.

त्याची नोकरी सुटली, कुंचलाही सुटला. घरात झुलालचा फोटो एकच, तोच स्थळाचा. माय रोज पदराने काच पुसायची आणि हनुवटीवर बोट ठेवून थांबायची. एकदा म्हणाली, "त्याना वन परत लाई दे ना रे."

रुपचंदने कुंचल्याला हात लावला नाही.

माय गेल्यावर महिन्याभराने त्याने फोटो भिंतीवरून उतरवला, कुंचला भिजवला आणि मला विचारलं, वण डावीकडे होता की उजवीकडे. मला आठवेना. त्यालाही आठवत नव्हतं.