तारलीचा काटा

मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत तिला मासा मीच भरवला. तारलीचे काटे केसासारखे. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. भातात मासा कुस्करायचा, बोटं फिरवायची, एकेक काटा वेचून ताटाच्या कडेला लावायचा. दर घासाला ती विचारायची, "पप्पा, नाही ना काटा?" मी नाही म्हटलं की आ करायची. या एका गोष्टीचा मला भारी माज होता.

पोटासाठी मी ब्रेकर चालवायचो. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जुन्या बिल्डिंगा पाडायची कामं. तेरा वर्षं ते थरथरणारं धूड धरून स्लॅब फोडले. आधी संध्याकाळी हाताला मुंग्या यायच्या. मग सकाळी नळाखाली धरली की बोटं पांढरीफटक पडायची. पुढे मुंग्याही थांबल्या. मला वाटलं, चला, सुटलो! सुटलो कसला, डोंबल!

साइटवर तपासणीला डॉक्टर आला. डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचायचा. "लागतंय?" मला काही म्हणजे काही लागत नव्हतं. पण तसं सांगितलं तर ब्रेकर काढून घेतील, आणि दुसरं येतंय काय मला? प्रत्येक वेळी ठोकून दिलं, "लागतंय." काय गंडवला याला, म्हणत हसत घरी आलो.

त्याच रविवारी घरी तारली होती.

"पप्पा, नाही ना काटा?"

"नाही गं."

खरं तर माझ्या बोटांना भातसुद्धा लागत नव्हता. पण पोरीसमोर कबूल करायची लाज वाटली.

तिसऱ्या घासाला ती खोकली. धड रडताही येईना, लाळेतून रक्त यायला लागलं. रिक्षात बायको एकसारखी ओरडत होती, "अहो, हात फिरवला होता ना तुम्ही?" दवाखान्यात चिमट्याने काटा काढला आणि डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा. मी तो बोटाच्या टोकात दाबत गेलो. रक्ताचा थेंब आला, तरी लागलं नाही. तिथेच बाकड्यावर बसून, "मला लागतच नाही गं" म्हणत पोरीदेखत ढसाढसा रडलो.

पोरगी बरी झाली. पुढच्या रविवारी सवयीने ताट घेऊन बसलो. म्हटलं, "ये गं, नीट बघून काढतो."

"नको. तुला लागत नाही ना."

ती ताट उचलून आईजवळ जाऊन बसली. आईने घास पुढे केला, आणि तिने काही न विचारता आ केला.