झाड केबलच्या आत होतं

सुहास गेल्याचं मला कुणी फोन करून कळवलं नाही. घाटकोपरच्या त्या गल्लीत मी चहा सांगायला वळलो आणि मागे धाडकन आवाज झाला. बघतो तर केबलच्या खड्ड्यातून आगीचा निळसर लोळ पहिल्या मजल्यापर्यंत उसळलेला, समोरच्या दुकानाच्या काचा रस्ताभर... आणि सुहास फुटपाथवर फेकला गेलेला. शर्ट अंगाला चिकटून जळत होता. मी गोणपाट टाकून विझवला. त्याने मला ओळखलं. दोन दिवसांनी तो इस्पितळातच वारला.

वीज कंपनीच्या केबल विभागात आम्ही अर्धं आयुष्य जोडीने काढलं. गडी मूळचा मालवणचा, राहायला मुलुंडला, आणि डोकं कायम तापलेलं. जमिनीखालच्या हाय व्होल्टेज केबलमध्ये तारेभोवती पॉलिमरचं जाड कवच असतं. वर्षानुवर्षं ओल आणि विजेचा दाब सोसून त्याला आतल्या आत केसाहून बारीक फांद्या फुटत जातात. बाहेरून केबल ठणठणीत दिसते. आम्ही म्हणतो, केबलला झाड लागलं. सुहास जळक्या केबलच्या कवचाचे पातळ काप काढून, फांद्या उठून दिसाव्यात म्हणून निळ्या रंगात उकळायचा आणि भिंग माझ्या डोळ्यात खुपसायचा. "बघ रे, नुसतं जंगल झालंय! ही फुटणार आणि कुणाला तरी घेऊन जाणार."

त्या गल्लीतली एक केबल पहिल्यांदा फुटली तेव्हा त्याने साहेबांना फोनवर सांगितलं, "झाड लागलंय. तुकडा जोडून भागणार नाही, सगळी काढा." साहेब नवे, दुसऱ्या खात्यातून आलेले. त्यांनी ठेकेदाराला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि खड्ड्याशेजारचं बदामाचं भलंमोठं झाड बुंध्यापासून कापलं! आम्ही पोचलो तेव्हा फांद्या ट्रकमध्ये भरत होते. सुहासने मुकादमाची कॉलर धरून त्याला ट्रकवर आपटलं. "मेल्यांनो, झाड केबलच्या आत आहे रे, आत!" मुकादम पहार घेऊन धावला. मी मध्ये पडलो, माझा ओठ फुटला. साहेब फोनवर म्हणाले, "झाड गेलं ना? मग जोडा आणि चालू करा."

जोडायला बसलो. त्याच खड्ड्यातली, तितकीच जुनी दुसरी केबल आता दोघींचा भार ओढत होती. "ती बंद करा हो!" म्हणून सुहास फोनवर बोंबलत होता. सगळी गल्ली अंधारात जाईल, असं उत्तर आलं. मग तो मला म्हणाला, "तू जा, चहा सांगून ये. दोघांनी कशाला बसायचं इथे?" आता कळतं... तो मला लांब पाठवत होता.

मागच्या आठवड्यात कंपनीने त्याच जागी कार्यक्रम ठेवला. हार घातलेला फोटो, नावाची पाटी, आणि सुहासच्या स्मृतिप्रीत्यर्थ बदामाचं रोप! साहेबांनी झारी सुहासच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात दिली. वहिनींना एवढंच विचारायचं होतं, "केबल बदलली?"

"दोन्ही जोडून चालू केल्यात, मॅडम. बदलायचा प्रस्ताव पुढे गेलाय."

वहिनींनी झारी त्यांच्या तोंडावर फेकली. रोप मुळासकट उपटून रस्त्यावर आपटलं, चपलेने तुडवलं. कुणाची अडवायची छाती झाली नाही. मला तर अडवायचंच नव्हतं.

परवा त्या जागेवर एक बाई भाजीची टोपली मांडत होती. मी धावत गेलो आणि अंगावर ओरडलो, "उठा! उठा म्हणतो ना इथून!" ती बिचारी घाबरून टोपली उचलायला लागली, दोन माणसं मला मारायला आली. माझ्या तोंडून सुहासचा आवाज निघाला होता.