टिनावरची चुकलेली पश्चिम

अकोल्याचे मोरोपंत देव तीस वर्षं तारमास्तर होते. मुलखाचा हट्टी माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी सरकारी परवाना काढून घरातच रेडिओयंत्र मांडलं आणि दूरदेशीच्या हौशी लोकांशी मोर्समध्ये गप्पा सुरू केल्या. पुढे कान दगा द्यायला लागले, पण कबूल कोण करतो? समोरचाच पुटपुटतो, म्हणायचे.

एकसष्टच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा एक छोटा उपग्रह आकाशात गेला. मोर्समध्ये ‘हाय’ एवढंच म्हणत तो फिरणार होता, तेही बॅटरी टिकेल ते तीनेक आठवडे. तो एकदा आपल्या कानांनी ऐकायचा, एवढंच मोरोपंतांनी मनाशी धरलं. त्यासाठी अँटेना त्याच्या मागे वळवत राहायला हवी. कापसाच्या जिनिंग कारखान्यातले मिस्त्री अब्दुल रहीम यांनी मोडीतलं दातेरी चाक आणि सायकलची साखळी जुळवून तशी फिरकी करून दिली. खोलीत दांडा फिरवला की टिनाच्या छपरावर अँटेना वळे.

दहा दिवस नुसती खरखर आली. मोरोपंत आतून धास्तावले. दोष कानांचा नको, फिरकीचाच निघू दे, असं मनात म्हणत त्यांनी रहीमभाईंना बोलावलं. रहीमभाई छपरावर चढले, अँटेनाच्या बुडाशी मोरोपंतांनी बसवलेली दिशांची तबकडी पाहून हसले.

"मास्तर, तुमची पश्चिम तिरपी हाये. दिशा कायनं पायल्या?"

"होकायंत्रानं."

"टिनावर ठेवून? लोखंडानं सुई वढली ना. मी रोज पाच वेळा मशिदीत तिकडेच तोंड करून उभा रायतो, मले कळत नाई काय?"

आपली चूक निघाल्याचा इतका आनंद मोरोपंतांना जन्मात झाला नव्हता. दुपारच्या सावलीवरून दोघांनी उत्तर धरली आणि तबकडी नीट बसवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता उपग्रह येणार होता. रहीमभाई दांडा फिरवू लागले. मोरोपंतांनी हेडफोन चढवले. पुन्हा खरखरच. उपग्रहाचं अर्धं आकाश ओलांडून झालं असेल तेव्हा त्यांनी हेडफोन रहीमभाईंच्या हाती दिले आणि दांडा स्वतः धरला.

रहीमभाईंना मोर्स येत नव्हतं. ऐकता ऐकता त्यांचं बोट टेबलावर पडू लागलं. चार टकटक, जरा थांबून दोन. पुन्हा चार, दोन. मोर्समध्ये चार टिंबं म्हणजे एच, दोन म्हणजे आय. ‘हाय’ तो हाच.

"आलाय तो," मोरोपंत म्हणाले. "मलाच ऐकू येत नाही."

हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. मोरोपंत दांडा फिरवत राहिले, आणि उपग्रह मावळेपर्यंत रहीमभाई त्यांना दिसेल असं बोट वाजवत राहिले.