सुभेदारांनी आधीच भरलेले सहा हप्ते

"ताई, मी हप्ते चुकवले असं लिहिलंय. चुकवले नाहीत, आधीच भरलेत."

सुभेदार जाधव माझ्या टेबलापुढे ताठ उभे होते. गुडगावच्या ब्रँचमध्ये होम लोनचं काम माझ्याकडे होतं. माझं वय पन्नास, चष्मा नवा, तोरा जुना. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून मी म्हणाले, "सुभेदारसाहेब, सिस्टिम खोटं बोलत नाही."

स्क्रीनवर तीन हप्ते थकलेले. बँका हे क्रेडिट ब्युरोला कळवतात. तिथे प्रत्येक कर्जदाराचं प्रगतिपुस्तक असतं. सुभेदारांच्या पुस्तकावर लाल शेरा पडला, म्हणून दुसऱ्या बँकेने मुलीचं एज्युकेशन लोन नाकारलं होतं. नर्सिंग कॉलेजची फी शुक्रवारपर्यंत भरायची. आज मंगळवार.

त्यांनी घडी घातलेली पावती काढली. पोस्टिंग बर्फात, तिथे फोनही लागत नाही. म्हणून जाण्याआधी सहा हप्त्यांचा एकच चेक देऊन गेले होते. फौजी माणूस घरचं सगळं असंच लावून निघतो.

पावतीवर मात्र 'पार्ट प्रीपेमेंट'. म्हणजे रक्कम मुद्दलातून वजा, आणि पुढचे हप्ते जसेच्या तसे चालू. खाली मोठी झोकदार सही.

माझीच.

"या सहीवाल्यांना भेटलो तर काम होईल का, ताई?"

"त्या... फार बिझी असतात," मी म्हणाले.

पावती घेऊन मी केबिनमध्ये गेले. मॅनेजर खुराना ती पाहून हसले. "मॅडमजी, एंट्री तो ठीक हो जाएगी. पर ब्युरोत दुरुस्ती व्हायला महिना लागेल. तोवर उस बँक को लेटर दे दो. गलती किसकी लिखें?"

"क्लेरिकल लिहा ना."

"आपल्याकडे क्लर्क कुठे आहे?"

लेटरमध्ये माझं नाव आलं. ते घेऊन मी सुभेदारांबरोबर त्या दुसऱ्या बँकेत गेले. तिथला पोरगेला ऑफिसर स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "मॅम, सिस्टम झूठ नहीं बोलता."

"बोलतो, बेटा. मीच शिकवलंय त्याला."

त्याने पावतीशी ताडून पाहायला माझी सही मागितली. सुभेदारांसमोर करावी लागली. तोच झोक. त्यांनी पावतीकडे एकदा पाहिलं आणि तिची पुन्हा घडी घातली.

गुरुवारी लोन मंजूर झालं. सुभेदार पेढे घेऊन आले, माझ्या टेबलावर दोन पुडे ठेवले. "एक तुम्हाला, ताई. दुसरा त्या बिझी बाईंना द्या."

तेव्हापासून सांगते, एकदम पैसे भरलेत तर पावती काउंटरवरच वाचा. आणि समोरची बाई फार ठामपणे बोलत असेल, तर दोनदा वाचा.