आमचे रूममेट

वर्तकनगरात आमच्या बिल्डिंगखाली चष्म्याचं दुकान आहे. तिथले काका बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतात, पुसतात आणि परत लावून देतात. वाक्य मात्र तुटत नाही. आणि गप्पांत दर वेळी रूममेट येतातच. "आमचे रूममेट तिखट खात नाहीत." "उशीर झाला तर आमचे रूममेट रागावतील." साठीतल्या माणसाला रूममेट कसला, आणि त्याला एवढं अहोजाहो कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

परवा समलिंगी लग्नाच्या कायद्यावर ठाण्यात जनसुनावणी होती. मी नुसती ऐकायला गेलेले. बघते तर माईकपाशी काका, स्वतःचाच चष्मा पुसत उभे.

"आम्ही तरुणपणापासून एकत्र राहतोय," ते म्हणाले. "मी आणि... आमचे हे."

टिपून घेणाऱ्या मॅडमनी मान वर केली. "त्यांचं नाव सांगाल का?"

काकांचं चष्मा पुसणं चालूच. मागच्या रांगेतल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "घ्या की हो नाव. आम्हीपण अशाच लाजायचो."

लोक हसले, लग्नघरात हसतात तसे. काकांनी चष्मा लावला आणि नाव घेतलं. उखाणा नाही, नुसतं नाव, आडनावासकट.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा चष्मा काढून घेतला आणि पुसत राहिले.

"चारचौघांत नाव घेतलं गं त्यांचं," ते म्हणाले. "आता घरी गेल्यावर बघू कसा त्यांच्याकडे?"