फळं बंद, शहाळं चालू

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासून आला त्या दिवशी डॉक्टरांनी शैलाला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "लिम्फोमा आहे." लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. पोटातही मोठी गाठ होती. माझी बायको एकोणतीस वर्षांची होती. मी बाहेर आल्यावर तिने विचारलं, "टीबीच ना?" मी "घरी चल" एवढंच म्हणालो, तेव्हा तिला कळलं.

आम्ही करावे गावात हिरामावशींच्या घरी भाड्याने राहत होतो. नव्या मुंबईत तेव्हा रेल्वे पोचली नव्हती. उपचारांसाठी खाडीपूल ओलांडून मुंबईला जावं लागे.

केमोथेरपी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधं, सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी द्या, मूत्रपिंडं साफ राहिली पाहिजेत. हिरामावशींना हे कळलं आणि त्यांनी परसातल्या माडाची शहाळी उतरवून घेतली. रोज दोन. कामावर जाताना मी ती वॉर्डात पोचवत असे.

पहिल्या औषधानंतर दोन दिवसांत मानेतली गाठ निम्मी झाली. "मान वळते बघा," शैला म्हणाली आणि दोन्ही बाजूंना वळवून दाखवली.

तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. पाय सुजले. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी 'ट्यूमर लायसिस' हा शब्द वापरला. गाठ फार वेगाने विरघळली की मेलेल्या पेशींतलं पोटॅशियम आणि यूरिक अॅसिड एकदम रक्तात उतरतं. मूत्रपिंडं तुंबतात. पोटॅशियम वाढत गेलं तर हृदय थांबू शकतं.

"आता पाणी मोजून," ते म्हणाले. "फळं बंद."

मी मोसंबी बंद केली. कुणी आणलेली केळी परत नेली. शहाळं चालू ठेवलं. आमच्याकडे शहाळं फळांत धरत नाहीत. ते आजारी माणसाचं पाणी. दिवसाला जेवढं पाणी चालणार होतं, त्यातलं निम्मं मी शहाळ्याचं दिलं. मोजून दिलं.

दोन दिवसांनी सिस्टरने उशाशी ठेवलेलं शहाळं पाहिलं आणि ते उचलून थेट डॉक्टरांकडे गेली. त्यात पोटॅशियम भरपूर असतं हे मला तेव्हा कळलं. त्याच दुपारी पोटात नळी घालून डायलिसिस, म्हणजे मूत्रपिंडांचं काम बाहेरून करणं, सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला शैला गेली.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पोटॅशियम आधीच वाढलं होतं. शहाळ्याने भर पडली. किती, ते मला सांगता येणार नाही. आम्ही नाव घेऊन सांगायला हवं होतं."

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्यांच्या घरी हे दुखणं असेल, त्यांनी रुग्णाच्या तोंडात जे जे जातं त्याचं नाव घेऊन विचारावं. पाण्याचंसुद्धा.

दहाव्यानंतर हिरामावशी ओटीवर येऊन बसल्या.

"माज्या माडाचं पानी पिऊन गेली पोर," त्या म्हणाल्या. "तेवरंच समाधान हाय."

मी हो म्हणालो.