दातांनी आवळलेली गाठ

दुपारी सगळे जेवून पांगतात, तेवढीच माझी वेळ. त्यातच लिहायचं, त्यातच झोपायचं. आज झोपच वरचढ होते. बाजेखालच्या शेगडीत ओव्याची धुरी, माझ्या ब्लाउजवर आंबलेलं दूध आणि खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा तो गोड, सडका वास. मला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि बाळंतपणात नाक असं तिखट झालंय की सारखं मळमळतं. शेजारी बाळ. त्याच्या मानेच्या वळीत दूध ओघळून दह्यासारखं साचलंय. ते बोटाने पुसते, हुंगते, तोंड वाकडं करते आणि पुन्हा हुंगते.

उद्या बारसं. माहेरी करणारं कोणी नाही, म्हणून सगळं सासरीच. नवराही माझ्यासारखाच, न ऐकणारा. पुण्याला छापखान्यात असतो, उद्या येईल. सकाळी सासूबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि मला वाचता यावं म्हणून ओठ ताणून ताणून बोलल्या.

"मंजू, बारसं झालं की पाळणा माझ्या खोलीत. रातीचं रडून रडून निळं पडलं तरी तुला कळायचं न्हाई. दूध पाजायला आणून देत जाईन."

आणून देत जाईन. गाईपाशी वासरू सोडतात तसं.

त्यांनी त्याच्या पायात घुंगरांचे वाळेही घातलेत. "पोर हाललं की कळंल," म्हणाल्या. कुणाला, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पापण्या जड होतात. त्यांच्या आत तांबूस उजेड आहे. बाज एका बाजूला कलते, कोणीतरी कडेला बसलंय. आधी वास येतो, तंबाखू जाळून केलेल्या मिस्रीचा.

हौसाआत्या. माझ्या वडिलांची बहीण, माहेरी माझ्याखेरीज न ऐकणारी तीच एक. ती शाळेत गेली नाही. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून हातांची बोली केली. तिच्या नावाची खूण म्हणजे दातांवरून बोट फिरवायचं, मिस्री लावल्यासारखं. ती जाऊन दोन वर्षं झाली, पण दात तसेच काळे आहेत.

"फुगलीस," तिचे हात म्हणतात.

"बाळंतीण आहे."

"दाखव."

ती बाळाला उचलते. तो तिच्या लुगड्यावर भळकन ओकतो. आत्या ते बोटावर घेते आणि बोट नाकाशी नेते.

"जास्त प्यालाय. आता झोपेल."

"शी, आत्या."

"शी काय? माझे कान इथे आहेत." ती नाकावर बोट आपटते. मग वाळे चिमटीत धरते. "हे कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी."

"मग त्यांच्याच पायात घाल की."

हसताना माझे टाके ओढतात. मान वर करते तर बाज अंगणात, मांडवाखाली आहे. समोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात ताट आणि उलथनं. एकेक पुढे येते, बाळाच्या डोक्यामागे जाते आणि ताट बडवते. मला ते फक्त दातांत जाणवतं. बाळ दचकतं, त्याच्या मुठी उघडतात. बाई मागे वळून ओठ हलवते, "ऐकतंय गं बाई." तिच्या ओठांना डिंकाच्या लाडवाचा चुरा चिकटलाय, तुपाने चकाकतोय.

हे नुसतं स्वप्नातलं नाही. बाळ झाल्यापासून जी आली ती झबलं घेऊन आली आणि त्याच्यामागे टाळ्या वाजवून गेली. तो दचकला की त्यांचा जीव भांड्यात पडतो, जणू माझ्या तावडीतून सुटलाय. त्यांच्या त्या हसण्याची मला ओकाऱ्यांपेक्षा जास्त किळस येते.

"माझ्याही पोराच्या बारशाला असंच," आत्या म्हणते. "विश्वासच्या. कुर्र जावेने केलं. कुर्र म्हणजे काय असतं गं?"

"माहीत नाही. ओठ पुढे येतात आणि श्वास कानात जातो."

आम्ही दोघी ओठ पुढे काढून एकमेकींच्या गालांवर फुंकतो. तिच्या श्वासाने मी नाक मुरडते.

तोवर मांडव गेलाय. तिच्या सासरचं परसदार आहे, शेण आणि सांडपाण्याचं. उंबऱ्यात तिची जाऊ विश्वासला घेऊन बसलीय.

"दूध माझं, मांडी तिची," आत्या म्हणते. "मला म्हणाले, तुला कळायचं नाही. मला वाटलं, खरंच असेल."

"मग?"

"मग तो तिला आई म्हणाला. मला ओठांवरून दिसलं."

"तू काय केलंस?"

"भाकऱ्या."

ती पदराला हात पुसते.

"पुढची पोर मात्र दिली नाही," ती म्हणते. "स्वतःला बांधून घेतली."

ती माझ्या परकराची नाडी सर्रकन ओढून काढते. एक टोक बाळाच्या पायाला, सैल, आत बोट फिरवून बघत. दुसरं माझ्या मनगटाला. काळी थुंकी त्यावर लावते आणि वाकून गाठ दातांनी आवळते. ओलं, कोमट काहीतरी माझ्या हाताला लागतं.

"शी!"

"थुंकीने गाठ सुटत नाही," ती तोंड पुसते. "किळस येऊ दे. हात सोडू नकोस."

आम्ही एसटीत आहोत. बाळ माझ्या मांडीवर, दोन्ही बाजूंना ऊस. जिथे थांबा नाही तिथे गाडी थांबते आणि आत्या उतरते. नाडीही तिच्यामागून खिडकीबाहेर जाते, लांबत, ताणत. गाडी सुटते. मनगटाला हिसका बसतो.

दुसरा बसतो.

मी डोळे उघडते. बाळाचं तोंड लालबुंद, उघडं, पाय झाडतोय. त्याच्या पायापासून माझ्या मनगटापर्यंत नाडी आहे. मी त्याला छातीशी घेते.

पिठाने भरलेले हात घेऊन सासूबाई धावत येतात आणि दारातच थबकतात. तो चुटूचुटू पितोय.

"अगं, आत्ता तर रडाय लागलं हुतं. तुला कुनी सांगितलं?"

मी मनगट वर करते. सासूबाई नाडीवरून नजर नेत नेत वाळ्यांपर्यंत पोचतात.

"ह्ये कुनी शिकीवलं?"

मी दातांवरून बोट फिरवते. त्यांना ती खूण कळत नाही.

"पाळणा इथंच राहील," मी तोंडाने म्हणते. माझा आवाज कसा निघतो मला माहीत नाही, पण त्या मान खाली घालतात. मग पुढे होऊन, पिठाच्याच हातांनी, त्याच्या पायातले वाळे हळूच काढतात आणि कनवटीला खोचतात.

त्या गेल्यावर मी मनगट बघते. नाडी मीच झोपेत ओढली असेल, बांधलीही असेल. पण या घरात मिस्री कुणी लावत नाही, आणि गाठ काळी आहे. अजून ओली आहे.

मी ती नाकाशी धरते. पोटातून उमळून येतं. पुन्हा धरते.